तीच काच पुन्हा

पदनाम: सर्वसामान्य वाचक (कंत्राटी). पात्रता: लिहिता-वाचता येणे, त्याहून अधिक काही येत असल्यास ते कामाच्या वेळेत वापरू नये. विशेष ज्ञान: नसावे. कर्तव्य: यंत्राने घेतलेल्या निर्णयाचे स्पष्टीकरण वाचणे अथवा ऐकणे, आणि ते समजले किंवा कसे, हे प्रामाणिकपणे सांगणे. अधिकार: न समजण्याचा पूर्ण अधिकार. दर्जा: सदर वाचक हा सर्व प्रौढ नागरिकांचा प्रतिनिधी मानला जाईल. बसण्याची व्यवस्था: एक खुर्ची, हातांची.

सर्व नागरिकांचं प्रतिनिधित्व करायला इतरांना निवडणुका लढवाव्या लागतात. काका बसने आले आणि बसले.

मुलाखत घेणाऱ्या प्रमुखबाईंनी त्यांना एवढंच विचारलं होतं, "यंत्र निर्णय कसा घेतं, याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

"काही नाही."

"अंदाज?"

"तोही नाही."

"उत्तम," प्रमुखबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच काकांना त्यांच्या अज्ञानाबद्दल शाबासकी मिळत होती. ती कशी घ्यायची ते न कळून त्यांनी उगाच चष्मा पुसला.

चष्मा हा त्यांचा मूळ धंदा. एका चष्म्याच्या दुकानात त्यांचं सगळं उमेदीचं आयुष्य पडद्यामागच्या अंधाऱ्या खोलीत गेलं होतं. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, नाकावर ती जड, गोल, खाचांची चाचणीची फ्रेम ठेवायची, आणि एकेक काच घालत विचारायचं, "हे बरं, की हे बरं?" माणसं विचार करून उत्तर देत. काही जण तर इतका विचार करत की लग्न ठरवतानाही केला नसेल. काका घाई करत नसत. पुढे दुकानात एक यंत्र आलं. त्यात हनुवटी टेकवली की ते नंबर सांगे. कोणाला काही विचारत नसे. मालकांनी काकांना निरोपाला एक चांगलं भिंतीवरचं घड्याळ दिलं. रिकामपणी बघत बसायला याहून वाईट वस्तू शोधून सापडली नसती.

घरात बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. ती गेल्यावर त्या खात्याचा कारभार कोणी हाती घेतला नाही. मूलबाळ नव्हतं. एक थोरली बहीण होती, आक्का, दुसऱ्या गावी. तिला फोन करणं म्हणजे व्यायाम होता, कारण आक्कांचे कान गेले होते आणि ते गेलेत हे त्या मानायला तयार नव्हत्या. प्रत्येक वाक्य दोनतीनदा सांगावं लागे. काका चिडत. "जाऊ दे आक्का, काही नाही," म्हणून फोन ठेवत. काही नसलेलं असं बरंच काही आक्कांपर्यंत पोचलं नव्हतं.

काकांना नेमणाऱ्या संशोधन संस्थेचं ऑफिस फरशीच्या दुकानावर होतं. संशोधनाचा विषय पारदर्शकता, म्हणून आतल्या सगळ्या भिंती काचेच्या केलेल्या. आणि उन्हं येतात म्हणून त्या सगळ्या काचांना आतून तपकिरी कागद चिकटवलेले. काम असं की हल्ली घर भाड्याने मिळणं, पाळणाघरात जागा मिळणं, पाण्याची जोडणी मिळणं, या सगळ्याचे अर्ज यंत्रं चाळतात, आणि ज्याला नकार दिला त्याला नकाराचं कारण समजेल अशा भाषेत द्यायचं, असा नियम झालेला आहे. यंत्राला कारण विचारलं तर ते आकड्यांचा डोंगर पुढे करतं. त्या डोंगरातून खरं कारण उकरून काढणं हे संशोधन. ते कारण पत्रात लिहिल्यावर कोणा सामान्य माणसाला खरंच समजतं का, हे पाहणं म्हणजे काका. सामान्य वाचकाने "समजलं" म्हटल्याशिवाय कुठलंही पत्र बाहेर जायचं नाही, हा संस्थेचा कायदा होता. आधी असे आणखी दोन वाचक होते. एकीला कायमची नोकरी लागली आणि एकाला कंटाळा आला. उरलेले सर्व नागरिक काकांच्या खुर्चीत मावत होते.

पत्रं समजावायला समोर एक मुलगी बसायची. मुलगी म्हणजे काकांच्या हिशेबात. एरवी ती संशोधक होती, चष्मा वापरायची, आणि याच कामावर तिचा प्रबंध चालला होता. पत्र वाचायचं, काकांना नाही समजलं तर दुसऱ्या शब्दांत सांगायचं, आणि ज्या शब्दांत ते समजलं ते शब्द पत्रात घालायचे. प्रत्येक बैठकीत किती वेळा सांगावं लागलं, समोर बसून सांगितलं की पडद्यावर दाखवलं, हे सगळं टिपलं जाई.

पहिलं पत्र काकांना खरोखरच समजलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. त्यात लिहिलं होतं, 'आपल्या अर्जाचा स्थैर्य-गुणांक निर्धारित सीमेखाली आढळल्याने आपला विचार होऊ शकला नाही.'

"नळी फुंकिली सोनारे," काका म्हणाले.

"इकडून तिकडे गेले वारे," मुलगी म्हणाली, आणि दोघंही जरा हसली. मग तिने खोडरबर घेतलं. "हे अर्जदार. हा स्टेपलर म्हणजे यंत्र. आता या यंत्राने काय केलं, काका, की आधीची सगळी माणसं बघितली..." असं म्हणत तिने टाचण्यांची एक रांग लावली. ती पुढे झुकून बोलत होती. प्रत्येक वाक्यानंतर थांबून काकांच्या चेहऱ्याकडे बघत होती, की ते आत पोचलं का. काकांच्या चेहऱ्याकडे इतक्या काळजीने कोणी शेवटचं केव्हा पाहिलं होतं, ते काकांना आठवेना. स्टुलावर बसलेल्या हजारो चेहऱ्यांकडे त्यांनी स्वतः तसं पाहिलं होतं. पलीकडून कसं वाटतं, हे त्यांना आज कळत होतं.

ते पत्र शेवटी असं झालं: 'तुम्ही थोड्या वर्षांत बरीच घरं बदललीत. अशी माणसं लवकर घर सोडतात, असं यंत्राला जुन्या नोंदींवरून वाटतं. तुमच्याबद्दल यंत्राला याहून काही माहीत नाही.' शेवटचं वाक्य वाचून प्रमुखबाई खोलीत आल्या आणि त्यांनी काकांशी हात मिळवला.

दुसरं पत्र काकांना निम्मं समजलं. तिसरं पहिल्याच वाचनात लख्ख समजलं. मुलीने वर पाहिलं आणि विचारलं, "समजलं का?"

"नाही," काका म्हणाले. "जरा परत सांगता?"

तिने खोडरबर हातात घेतलं.

यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. उलट घडतच होतं. काका जितके मठ्ठ होत गेले तितकी पत्रं सुधारत गेली. गुणांक गेले, सीमा गेल्या, 'सदर' आणि 'उपरोक्त' यांनी तर इमारतच सोडली. नकाराची पत्रं इतकी साधी झाली की लोक ती वाचून फोन करेनासे झाले. समजून, गप्प बसायला लागले. मुलीने यावर परिषदांत निबंध वाचले. काकांचं न समजणं आलेखांवर चढलं, भिंतीवरच्या तक्त्यावर एका निळ्या रेषेच्या रूपाने विराजमान झालं. पालथ्या घड्यावर पाणी, असं ज्याला म्हणतात, त्या घड्याची एवढी कदर पूर्वी कुठे झाल्याचं ऐकिवात नाही.

बैठक संपली की चहा यायचा. एकदा चहा पिता पिता मुलीने विचारलं, "दुकानात तुम्हाला कोणी फसवायचं का हो काका?"

"पैशाने?"

"नंबरने. म्हणजे दिसतंय आणि सांगायचं दिसत नाही."

"यायचे की. म्हातारे. दर थोड्या दिवसांनी. 'नंबर वाढलाय, धूसर दिसतं.' नवा चष्मा करून महिना झालेला नसायचा."

"मग? ओळखायचं कसं?"

काकांना हुरूप आला. आपल्याला कोणी काही विचारतंय, आणि त्याचं उत्तर आपल्याला खरंच येतंय, असा योग त्यांच्या नव्या नोकरीत नियमानेच बंद होता. "सोपं असतं. घातलेली काच काढायची. फ्रेमच्या खाली हात न्यायचा, जरा खडखड करायची, आणि तीच काच पुन्हा घालायची. विचारायचं, आता? तो म्हणतो, हां, आता कसं स्वच्छ झालं. म्हणजे डोळ्याला काही झालेलं नाही."

"मग हाकलायचात?"

"हाकलायचं कशाला. आणखी एकदा तीच काच घालायचो. दुकानात गर्दी नसली तर." काकांनी कप खाली ठेवला. "त्यांनाही माहीत असायचं. एक जण तर जाताना म्हणायचा, पुढच्या वेळी जरा नवीन खडखड करा."

मुलगी खूप हसली. काकांना घरी जाताना बसमध्येही ते हसू आठवत होतं, आणि आपण कोणाची गोष्ट सांगून आलो, हे काही केल्या लक्षात येत नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं नसतं. फक्त हात दाखवताना माणूस बहुधा आनंदात असतो.

मग संस्थेत एक कोडवाला, म्हणजे कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिणारा, आला. त्याचं म्हणणं साधं होतं. काकांच्या एवढ्या बैठका टिपलेल्या आहेत. त्यावरून काकांची एक नक्कल शिकवून तयार करू. नकलेला पत्र दाखवायचं, ती सांगेल समजलं की नाही. नक्कल बस चुकवत नाही, चहा पीत नाही आणि दिवसाला हवी तितकी पत्रं वाचते.

"आणि काका?" मुलीने विचारलं.

"नक्कल चांगली निघाली तर काकांना कशाला त्रास द्यायचा या वयात," कोडवाला म्हणाला. काही लोक नोकरीवरून काढतानासुद्धा वडीलधाऱ्यांचा मान राखतात.

काकांना हे मुलीनेच सांगितलं, कारण संस्थेत काही लपवायचं नाही असा नियम होता. काका म्हणाले, "दुकानातही असंच आलं होतं एक." मग त्यांनी खुर्चीच्या हातांवरून हात फिरवले. घरी एक खुर्ची होती, पण तिच्यासमोर घड्याळ होतं.

नक्कल तयार झाली. सगळे जमले. कोडवाल्याने तिला पहिलं पत्र दाखवलं. नक्कल म्हणाली, नाही समजलं. बरोबर, तेच अपेक्षित होतं. सगळ्यात सोपं, सुधारून सुधारून गुळगुळीत केलेलं पत्र दाखवलं. नाही समजलं. कोडवाल्याने स्वतःच्या मनाने टाइप केलं, 'दार बंद आहे.' नाही समजलं. 'पाणी ओलं असतं.' नाही समजलं, पुन्हा सांगा.

"भलतीच सामान्य झाली," कोडवाला म्हणाला.

"बिघडली असेल," प्रमुखबाई म्हणाल्या.

आता, यंत्र असं का वागतं हे उकरून काढणं हा तर त्या संस्थेचा धर्म. मुलीकडे त्यासाठी तिनेच बनवलेलं साधन होतं: यंत्राने निर्णय घेताना कशाकडे पाहिलं, तेवढा भाग पडद्यावर उजळायचा, न पाहिलेला करडा राहायचा. तिने ते नकलेवर लावलं. पत्राचे सगळे शब्द करडेच राहिले, अवघड शब्द, सोपे शब्द, सगळे. नक्कल पत्र वाचतच नव्हती. बैठकीच्या माहितीत कोपऱ्यात एक बारीकसा रकाना होता, तेवढाच दिव्यासारखा उजळला. 'समोर माणूस: आहे / नाही.'

कोडवाल्याने 'आहे'चं 'नाही' केलं आणि पहिलं, ते गुणांकाचं, अगडबंब पत्र दाखवलं. नक्कल म्हणाली, समजलं.

"च्यायला," कोडवाला हळूच म्हणाला. "हिला फक्त कोणी समोर बसलं की समजत नाही."

मुलगी जुन्या बैठका बघायला लागली. मधे ती आजारी होती तेव्हा काकांना पत्रं नुसती पडद्यावर दाखवली होती. त्या सगळ्या दिवशी काकांना एका दमात सगळं समजलं होतं आणि ते लवकर घरी गेले होते. एकदा तिच्याऐवजी प्रमुखबाई बसल्या होत्या. त्या दिवशी काकांना काहीही समजलं नव्हतं. प्रमुखबाईंना तेव्हा वाटलं होतं, की आपल्याला समजावता येत नाही. त्यांनी त्यासाठी एक शिबिरही केलं होतं.

"यंत्र चुकलं असेल," मुलगी म्हणाली.

"यंत्र चुकलं असेल हे आपण इतरांना सांगतो," प्रमुखबाई म्हणाल्या. "आधी तपासतो. तपासून बघ."

पुढच्या बैठकीला काका नेहमीसारखे आले. मुलीने पत्र वाचलं. पाळणाघराचं होतं, साधं होतं: घरापासूनचं अंतर जास्त, जवळची मुलं आधी.

"समजलं का काका?"

"नाही हो बाई. अंतराचं ते कसं? परत सांगा जरा."

मुलीने पेनाचं टोपण काढलं. कागदावर खाली वाकली. कागद जरा खसखसला. मग तिने वर न बघता पुन्हा वाचलं.

"हां," काका म्हणाले. "आता कसं. आता स्पष्ट झालं."

खोडरबर आपल्या जागी होतं, टाचण्या डबीत होत्या. काकांची नजर कागदावर गेली. त्यावर काही खोडलेलं नव्हतं, काही लिहिलेलं नव्हतं. पेनाचं टोपण काढलं होतं, पण पेन कोरडंच परत चाललं होतं. काकांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहून जे ओळखलं ते ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"तीच काच होती ना?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

फरशीच्या दुकानात कोणीतरी फरशी कापत होतं. तो आवाज थांबेपर्यंत दोघंही तो ऐकत बसले, जणू त्यासाठीच बैठक बोलावली होती.

"खडखड चांगली केलीत," काका म्हणाले.

"सगळीच पत्रं?" मुलीने विचारलं.

"पहिलं खरं. दुसरं अर्धं."

"चार वर्षं काम केलंय मी यावर."

"चांगलं समजावता तुम्ही," काका म्हणाले. "म्हणजे... पहिल्यांदाच समजायचं."

हे कौतुक होतं, आणि या कौतुकानेच तिच्या प्रबंधाचा मधला भाग खाली बसला. ती रडली नाही. तिने चष्मा काढून पुसला. काकांना दिसलं की तिची डावी काच जरा सैल झाली आहे. बोलू की नको असं करत ते शेवटी बोलले नाहीत.

पुढे काय करायचं याबद्दल प्रमुखबाईंच्या मनात गोंधळ नव्हता. "वाचकाची उत्तरं वगळायची. का वगळली ते उघड लिहायचं. तुझा प्रबंध पुरा व्हायचा तर हे आधी व्हायला हवं. आणि ज्याला काढतोय त्याला कारणासकट पत्र द्यायचं, समजेल असं. दुसऱ्यांना जे सांगतो ते आपल्याला नको?"

"पत्र बाहेर जाण्याआधी सामान्य वाचकाकडून तपासून घ्यावं लागतं," मुलगी म्हणाली.

"घे मग."

"वाचक एकच आहे."

प्रमुखबाईंनी तिच्याकडे पाहिलं. घोडं कुठे पेंड खातंय ते आधी कोडवाल्याच्या लक्षात आलं. "म्हणजे काकांना काढल्याचं पत्र काकांनी पास करायचं? आणि ते म्हणाले नाही समजलं, तर?"

"तर पुन्हा लिहायचं," प्रमुखबाई म्हणाल्या.

"कुठपर्यंत?"

"समजेपर्यंत."

"जन्मभर बसतील की हो ते."

"नियम मीच लिहिलाय," प्रमुखबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा नियम लिहिलेल्या माणसाचा झाला होता.

काकांना बोलावलं. तीच खोली, तीच खुर्ची, तोच तपकिरी कागद. कोडवाला कुठलीशी वायर शोधण्याच्या निमित्ताने दारात रेंगाळला. मुलीने आधीच सांगितलं, "काका, हे तुमचंच पत्र आहे. नेहमीसारखं. समजलं तर समजलं म्हणायचं, नाही तर नाही. नाही म्हणालात तर मला परत लिहावं लागेल. तोवर हे जाणार नाही आणि तुम्हीही जाणार नाही."

"आणि तुमचं?"

"माझंही थांबेल."

"बरं," काका म्हणाले.

तिने वाचलं. 'तुम्हाला पत्रं समजत होती, तरी तुम्ही समजली नाहीत असं सांगत होता. त्यामुळे आमची मोजणी चुकली. तुमची उत्तरं आता आम्हाला वापरता येत नाहीत. म्हणून तुम्हाला या कामावर ठेवता येत नाही. तुमच्यामुळे साधी झालेली पत्रं मात्र आम्ही तशीच ठेवणार आहोत, कारण ती चांगली आहेत.'

ती थांबली आणि सवयीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, की पोचलं का. दारात कोडवाल्याने वायर शोधणं थांबवलं.

काकांपुढे उघड रस्ता होता, आणि तो त्यांचा नेहमीचा होता. एक शब्द म्हटला की ती खोडरबर उचलणार होती. 'हे खोडरबर म्हणजे तुम्ही, काका.' मग टाचण्या, मग स्टेपलर. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा. म्हातारा स्टुलावर बसतो, दुकानात गर्दी नसते, आणि काच घालणारा हात कंटाळत नाही. काकांनी खुर्चीचे हात धरून ठेवले होते.

"यात एक राहिलं," ते म्हणाले.

मुलीने पेन घेतलं. तिचा चेहरा उतरला होता. तिला वाटलं, सुरू झालं.

"कारण नाहीये. मी तसं केलं, एवढं आहे. का केलं ते नाही. कारण नसलेलं पत्र तुम्ही दुसऱ्यांचं परत पाठवता."

"कारण मी मुद्दाम नाही लिहिलं."

"यंत्राने सांगितलं ना पण?"

"हो."

"मग लिहा. माझ्याशी वेगळा नियम कशाला."

मुलीने पेन कोऱ्या जागेवर टेकवलं. मग लिहिलं, आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. 'समोर कोणी बसलेलं असलं की तुम्हाला पुन्हा ऐकावंसं वाटायचं.'

"यंत्र असं म्हणालं?"

"यंत्राने फक्त 'समोर माणूस आहे' एवढंच दाखवलं. बाकीचं माझं."

काकांनी मान हलवली. तिने पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचलं, नव्या वाक्यासकट. पुन्हा वाचायची गरज नव्हती, पण तिने वाचलं, सावकाश, आणि काकांनी ऐकलं.

"समजलं का, काका?"

"समजलं," काका म्हणाले.

दारातून कोडवाला निघून गेला. काका उठले, खिशाचं पेन चाचपलं, आणि जाता जाता म्हणाले, "डावी काच घट्ट करून घ्या. पडेल." मुलीने चष्म्याला हात लावला. "मलाही सांगायला आवडायचं काका," ती म्हणाली. काकांनी हे ऐकलं की नाही हे सांगणं कठीण आहे. त्यांनी परत सांगायला काही लावलं नाही.

बस लवकर मिळाली. घरी येऊन त्यांनी आक्कांना फोन लावला.

"आज कामावरून काढलं, आक्का."

"काय वाढलं?"

"काढलं. मला. कामावरून."

"मोठ्याने बोल रे. तू नेहमी पुटपुटतोस."

काकांनी एक श्वास घेतला. 'जाऊ दे, काही नाही' हे वाक्य ओठांवर आलेलं होतं. त्याची जागा तिथे पिढीजात होती. त्यांनी खुर्ची ओढली, घड्याळाकडे पाठ करून बसले, आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं. एक एक वाक्य सांगून ते थांबत होते. "हे समजलं का, आक्का?"

"नाही," आक्का म्हणाल्या. "परत सांग."

त्यांनी परत सांगितलं. आक्कांचे कान खरंच गेले होते की आणखी काही, याची शहानिशा त्यांनी केली नाही.

संस्थेच्या वार्षिक अहवालात या प्रकरणाची नोंद पारदर्शकतेचं आदर्श उदाहरण म्हणून झाली आहे. बाधित व्यक्तीस निर्णयाचे संपूर्ण कारण तिच्या भाषेत देण्यात आले व ते पहिल्याच दिवशी समजल्याचे तिने मान्य केले, असं त्यात म्हटलेलं आहे. प्रबंध मान्य झाला. सर्वसामान्य वाचकाचं पद रिक्त असून सर्व प्रौढ नागरिकांच्या प्रतिनिधित्वाची पर्यायी व्यवस्था विचाराधीन आहे.

खुर्चीवर सध्या प्रिंटर ठेवलेला आहे.